चेटकिणीचं मराठी

भाचीने पुण्याच्या खराडीतली कंपनी सोडली, वाघोलीचा फ्लॅट सोडला आणि ती विश्रांतवाडीला आमच्याकडे राहायला आली, तेव्हा मी दारातच तिला विचारलं, "लग्न ठरवलंयस की आजारी आहेस?" कारण आमच्या नात्यागोत्यात माणूस चालू नोकरी सोडतो तो याच दोन कारणांनी.

ती म्हणाली, "आत्या, मी गेम बनवतेय."

मी म्हटलं, "म्हणजे आजारी आहेस. ये आत."

तिचे वडील म्हणजे माझा थोरला भाऊ. बार्शीला शाळेत मुख्याध्यापक होता. आता निवृत्त झालाय, पण फक्त शाळेतून, मुख्याध्यापकपणातून नाही. आमच्या घरात शिक्षण ही हौस नव्हती. आजोबांना गावाने वेशीबाहेर ठेवलं, वडील रेल्वेत रुळांच्या कामावर लागले, आणि आम्ही दोघं भावंडं पुस्तकांच्या जोरावर खुर्चीत जाऊन बसलो. त्या खुर्चीवरून कुणी आपणहून उठतं, ही गोष्ट दादाला समजण्यापलीकडची होती. त्याने मला फोन केला.

"तू तिला समजाव. तुझं ती ऐकते."

माझं कुणी ऐकतं ही बातमी मला नवीन होती. त्या आनंदात मी समजावायचं कबूल करून बसले.

मी स्वतः एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. मजकूर छापायला जायच्या आधी त्यातल्या चुका काढायच्या, हे माझं काम. निवृत्त झाल्यावर हात थांबतात, डोळे थांबत नाहीत. लग्नपत्रिका आली की मी आधी ऱ्हस्व-दीर्घ बघते, मग वधूचं नाव. माझे यजमान संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासणीला होते. तेही जन्मभर चुकाच काढत आले, पण त्यांच्याकडच्या चुका हातात फुटायच्या, त्यामुळे त्यांना गप्प राहून नीट बघायची सवय लागली. ती त्यांनी घरीही आणली. ते दिवसभरात जेवढं बोलतात तेवढं मी कुकरची शिट्टी होईपर्यंत बोलून टाकते. संसार सुखाचा झाला, असं मला वाटतं. त्यांना काय वाटतं ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

तर मी भाचीला समजावायला योग्य वेळ शोधत होते, आणि ती जेवणाचं अर्धं टेबल अडवून लॅपटॉपवर काहीतरी करत होती. उरलेल्या अर्ध्या टेबलावर आम्ही दोघं ताटं तिरकी ठेवून जेवत होतो. एका दुपारी मी समजावायचं पक्कं करून तिच्यासमोर बसले, तर तीच म्हणाली, "आत्या, जरा मराठी तपासून देशील?"

या प्रश्नाला मी जन्मात कधी नाही म्हटलेलं नाही. समजावणं राहिलं.

तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. पडद्यावर चित्र होतं: उन्हात तापलेला डोंगर, वर किल्ला, किल्ल्याचं बंद दार. खाली एक चौकट, चौकटीत एक वाक्य. बटण दाबलं की पुढचं वाक्य.

"ही व्हिज्युअल नॉव्हेल आहे," ती म्हणाली.

"म्हणजे कादंबरी?"

"हो, पण चित्रं असतात."

"मग चित्रकथा म्हण की."

"पण मध्येमध्ये आपण ठरवायचं, पात्राने काय बोलायचं ते. तीन उत्तरं येतात, त्यातलं एक निवडायचं. त्याप्रमाणे पुढची गोष्ट बदलते."

"आणि चुकलं तर?"

"चूक असं काही नसतं गं आत्या. वेगवेगळे शेवट असतात."

जिने आयुष्यभर चुका शोधून पोट भरलं तिला 'चूक असं काही नसतं' म्हणून सांगायचं, हे धाडस नोकरी सोडण्यापेक्षा मोठं होतं. मी सरळ खेळायला लागले.

गोष्ट छोटीशी होती. एका राज्यात राजाचे निरोप पोचवणारी एक मुलगी असते. एक दिवस तिची सावली नाहीशी होते. डोंगरावरच्या किल्ल्यात एक चेटकीण राहत असते, हरवलेल्या सावल्या तिच्याकडे असतात. मुलगी डोंगर चढून जाते आणि आपली सावली परत मागते. बास. पुढचा सगळा खेळ त्या दोघींच्या बोलण्याचा. बोलणं जमलं तर सावली मिळते, फिस्कटलं तर मुलीचा दगड होतो, आणि धड ना ते धड ना हे झालं तर सावलीशिवाय घरी यायचं. कुकर लावून खेळायला बसलं तर वाफ जिरायच्या आत संपणारा प्रकार.

मुलीने दार वाजवलं. चेटकिणीने उघडलं आणि ती म्हणाली: "ओह, नाही! तू इथे नसायला हवी होतीस, लहान मुलगी. मी तुझ्यासाठी काय करू शकते?"

मी चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं. तेच होतं.

"ही चेटकीण आहे की कस्टमर केअर?"

"पुढे वाच ना."

पुढे मुलगी म्हणत होती, "माझं हृदय जड आहे. मी थोडी मदत वापरू शकते." त्यावर चेटकीण म्हणाली, "कृपया आत ये. स्वतःला घरी बनव."

"स्वतःला घरी बनव?" मी विचारलं. "कशापासून? डाळीच्या पिठापासून?"

भाची ओशाळून हसली. "आधी इंग्रजीत लिहिलं होतं. मग मराठी थोडं मी केलं, थोडं कॉम्प्युटरने."

"कुठलं कुणाचं ते मला सांगू नकोस. मला तुझ्याबद्दल थोडा आदर शिल्लक ठेवायचाय." मी लाल पेन घ्यायला उठले, मग लक्षात आलं की पडद्यावर लाल पेन चालत नाही. तेव्हा मी बोलायचं आणि तिने टाइप करायचं असं ठरलं.

"ही बाई किल्ल्यात किती वर्षं एकटी राहते?"

"तीनशे."

"तीनशे वर्षं एकटी राहिलेली बाई, भर दुपारी दार वाजल्यावर, 'मी तुझ्यासाठी काय करू शकते' म्हणेल? लिही: 'कोण आहे? आणि आत्ताच का?'"

भाचीने लिहिलं, आणि ती हसायला लागली. मग काही माझी गाडी थांबेना. 'कृपया आत ये'च्या जागी मी घातलं, "आलीच आहेस तर ये. पायताण बाहेर." 'तू ठीक आहेस का' काढून टाकलं आणि लिहायला लावलं, "तोंड का असं झालंय? उन्हात यायला मी सांगितलं नव्हतं." मुलगी सावली मागते तेव्हा चेटकिणीच्या तोंडी आलं, "स्वतःची सावली सांभाळता येत नाही, आणि निघाली राजाचे निरोप सांभाळायला!" चेटकीण पाहुणीला पाणी विचारते तेही नव्याने लिहिलं: "पाणी हवंय का? नको असेल तर संकोच न करता नको म्हण."

"आत्या, हे भारी आहे," भाची म्हणाली. "ही जिवंत वाटायला लागली."

मला फार बरं वाटलं. छापखान्यात इतकी वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं सरळ केली, पण माझ्या बोलण्याने कुणी जिवंत झाल्याचं ऐकिवात नव्हतं. त्यानंतर रोज दुपारी आम्ही दोघी बसत होतो. ती वाक्य दाखवायची, मी बदलायचे. कुठलं वाक्य गोष्टीत कुठे येतं ते ती सांगायची नाही. शेवट तर तिने मला मुद्दामच दाखवला नाही. "तो तू खेळून गाठ," म्हणाली. यजमान शेजारच्या खुर्चीत पेपर उघडून बसायचे. मधूनच पेपर हलायचा. हसत होते की पान उलटत होते, कळायला मार्ग नव्हता.

दादाचा फोन आला की मी म्हणायचे, "समजावतेय. वेळ लागेल."

खेळ तयार झाला तेव्हा पहिला मान मला मिळाला. मी चष्मा नीट बसवला, सरसावून बसले. दार वाजवलं, पायताण बाहेर काढलं, आत गेले. चेटकिणीने पाणी विचारलं. तीन उत्तरं आली: एक, 'हवंय', दोन, 'नको, मी पिऊन आलेय', तीन, 'आधी माझी सावली द्या'. मी अर्थातच दुसरं निवडलं. अनोळखी घरी जाऊन पाणी मागायला मला काही वळण नाही का?

मग चेटकीण म्हणाली, "स्वतःची सावली सांभाळता येत नाही, आणि निघाली राजाचे निरोप सांभाळायला!" वाचल्यावर माझ्या कानशिलाशी गरम झालं. हे वाक्य माझंच होतं, पण ते कुणीतरी मला म्हणत होतं ही गोष्ट निराळी. उत्तरं आली: 'माझं चुकलं', 'चोर ते चोर, वर शिरजोर!', '(काही न बोलता उभी राहते)'. यात निवडण्यासारखं काय होतं? मी शिरजोर दाबलं.

पडदा करडा झाला. खाली चौकटीत आलं: 'तुझा दगड झाला.'

वाक्य शुद्ध होतं. मीच तपासलं होतं.

"पुन्हा खेळ," भाची म्हणाली.

पुन्हा खेळले. या वेळी शहाण्यासारखं 'माझं चुकलं' निवडलं. चेटकीण म्हणाली, "ते मला इथे बसूनही माहीत होतं. सांगायला एवढा डोंगर कशाला चढलीस?" आणि मुलगी सावलीशिवाय घरी आली. तिसऱ्यांदा मी गप्प राहिले. चेटकीण म्हणाली, "तोंड आणलं नाहीस का बरोबर?" आणि दगड. मग पाण्याला 'नको' म्हणणं तेवढं न सोडता मी बाकी उलटसुलट काय वाटेल ते दाबत सुटले. त्या किल्ल्याच्या अंगणात माझे एवढे दगड झाले असतील की त्यात एक कुंपण बांधून झालं असतं.

"ही बाई कशानेच खूश होत नाही!" मी लॅपटॉप ढकलला. "माणसाने हिच्याशी बोलायचं तरी कसं?"

भाचीने खालचा ओठ दाताखाली धरला. यजमानांनी पेपर तोंडापुढे अगदी जवळ घेतला.

"यात काहीतरी बिघाड आहे," मी म्हटलं. "तपासून बघ."

"बिघाड नाहीये, आत्या. सगळे रस्ते चालतात, मी बघितलेत."

"मग तूच खेळून दाखव."

"मला उत्तर माहीत आहे, त्याचा काय उपयोग? काकांना खेळू दे."

यजमानांनी पेपर घडी करून ठेवला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि ते माझ्या जागेवर येऊन बसले. त्यांनी कधी मोबाइलवर पत्तेसुद्धा खेळलेले नाहीत. पहिलं चित्र आलं. मी असते तर वाक्य वाचून कधीच पुढे गेले असते. ते चित्र बघत बसले. मी म्हटलं, "अहो, बटण दाबायचं असतं." ते "हं" म्हणाले आणि आणखी थोडा वेळ बघत बसले.

चेटकिणीने पाणी विचारलं. त्यांनी 'हवंय' दाबलं.

"अहो, परक्या घरी?" मी म्हटलं.

"डोंगर चढून आलीय ती," ते म्हणाले. "तहान लागली असेल."

चेटकिणीने तांब्या आणून दिला, आणि त्यानंतर पडद्यावर एक उत्तर आलं जे मला इतक्या वेळा खेळून एकदाही दिसलं नव्हतं: 'तुमची सावली कुठे आहे?' यजमानांनी ते दाबलं. चेटकीण पहिल्यांदाच गप्प झाली. मग तिने सांगितलं की तीनशे वर्षांपूर्वी उन्हात बसलेल्या एका म्हातारीला तिने आपली सावली दिली होती, ती परत मागायचं तिला सुचलंच नाही, आणि आजवर इथे आलेल्या प्रत्येकाने फक्त आपली सावली मागितली. ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि मुलीची सावली घडी घालून घेऊन आली. गोष्ट संपली. पहिल्याच फेरीत.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"चित्रात सगळ्यांची सावली आहे. दाराची, झाडाची, तांब्याची. तिची नाही."

मी चेटकीण दार उघडते त्या चित्रावर परत गेले. खरंच नव्हती. मी वाक्यं बघत होते. वाक्यांच्या वर एवढं मोठं चित्र होतं ते मी बघितलंच नव्हतं.

"आणि ती एवढं टाकून बोलत होती तरी तुम्ही चिडला नाहीत?"

यजमानांनी माझ्याकडे बघितलं. "सवय आहे," ते म्हणाले, आणि पेपर घेऊन गॅलरीत गेले. त्या दिवशी मी त्यांच्याशी सबंध संध्याकाळ काही बोलले नाही. त्यांना तो फरक जाणवला असेल तर त्यांनी तसं दाखवलं नाही.

पुढच्या रविवारी दादा आला. न कळवता आला, कारण कळवलं असतं तर त्याच्या मते आम्ही तयारी केली असती. लोणी काळभोरच्या अलीकडे त्याची एसटी तासभर अडकली होती, त्यामुळे तो अर्धा तर तिथूनच तापून आला होता. शेंगांची पिशवी माझ्या हातात दिली, पाणी प्यायला, आणि भाचीला म्हणाला, "बार्शीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला माणूस हवाय. मी बोललोय त्यांच्याशी."

"मला न विचारता?" भाची म्हणाली.

"विचारायलाच आलोय. सामान भर."

मग त्याचं लक्ष टेबलावर गेलं. पडद्यावर चेटकीण होती. "हे काय?"

"माझा गेम. ती चेटकीण आहे."

"चेटकीण!" दादा उभाच राहिला. "आपण कुठल्या घरातले? आपल्या आजोबांनी देवऋषी, भुतंखेतं सगळं घराबाहेर काढलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, आणि तिच्यासमोर तू चेटकीण मांडून बसलीस? एवढ्यासाठी इंजिनियर केलं तुला?"

"बाबा, ती खोटी आहे. खेळणाऱ्या प्रत्येकाला माहितीये ती खोटी आहे."

"खोटी आहे तर तिच्यापायी खरी नोकरी का सोडलीस?"

भाची खाली बघायला लागली. मी समजावायचं कबूल केलं होतं, त्यामुळे खरं तर मी दादाच्या बाजूने बोलायला हवं होतं. पण माझ्या चेटकिणीला कुणी न ऐकता निकालात काढावं हे काही मला सोसेना.

"दादा, तू आधी खेळ. मग बोल. न वाचता पेपर तपासणारा मास्तर तुझ्या शाळेत टिकला असता का?"

हे त्याला लागू पडलं. तो बसला. शाळेत प्रतिज्ञा म्हणवून घ्यायचा त्याच आवाजात त्याने एकेक वाक्य मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "शुद्धलेखन बरं आहे," असं मध्येच म्हणाला. मी विनयाने शेंगा फोडत राहिले.

चेटकीण बोलायला लागली तसा त्याचा आवाज चढत गेला. 'तोंड का असं झालंय' वाचून तो थांबला. "माझं उत्तर कुठे लिहायचं?"

"लिहायचं नसतं, बाबा. या तिन्हींतलं एक निवडायचं."

"यातलं एकही माझं नाही."

"तरी निवडायचं."

"ही काय लोकशाही झाली?" असं म्हणत त्याने निवडलं. दगड झाला. पुन्हा खेळला, पुन्हा दगड. तिसऱ्यांदा तो उत्तरं न निवडता थेट पडद्याशीच भांडायला लागला. "अहो बाई, सावली त्या मुलीची आहे. मालकी सिद्ध आहे. तुम्ही ती ठेवून घेतलीत कुठल्या अधिकारात?" चेटकीण स्थिर उभी होती. शेवटी त्याने हात झटकले. "हिला बोलायची पद्धतच नाही! कुणी शिकवलंय हिला?"

यजमानांना ठसका लागला. भाची हळूच म्हणाली, "बाबा, ते सगळं आत्याने लिहिलंय."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी शेंगांकडे बघितलं.

"मग बरोबर आहे," तो म्हणाला.

यावर आमची दोघांची जी जुंपली ती लहानपणच्या बऱ्याच बाबी उकरून, पाटीपेन्सिलीपासून सुरू होऊन, जेवायची वेळ होईपर्यंत चालली. ती इथे सांगण्यासारखी नाही. त्यात मीच बरोबर होते एवढं सांगते.

जेवण झालं. यजमान आडवे झाले. दादा दुपारी झोपत नाही, तो परत टेबलापाशी जाऊन बसला आणि मघापेक्षा सावकाश खेळायला लागला. भाची समोर बसली होती. मी स्वयंपाकघरात ओटा पुसत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"हिच्या घरचे कुठे आहेत?" दादाने विचारलं.

"कुणाच्या?"

"या निरोपवाल्या मुलीच्या. मुलीची सावली गेली, ती एकटी डोंगर चढून गेली, आणि घरात कुणाला पत्ता नाही?"

"घरचे नाहीयेत गोष्टीत."

"का? वारले?"

"नाही. मी लिहिलेच नाहीत." भाची म्हणाली. "म्हणजे, बाप लिहिला होता. काढून टाकला."

"का काढलास?"

"तो आला की ती मुलगी बोलायचीच नाही, बाबा. प्रत्येक वेळी तीन उत्तरं द्यावी लागतात ना. मला एकच सुचायचं, 'हो बाबा'. त्यावर गेम होत नाही."

मी फडकं तसंच हातात धरून उभी राहिले. बाहेर दादाने खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

मग तो म्हणाला, "आत्ता काय म्हणायचंय तुला? 'हो बाबा' सोडून."

"मला बार्शीला यायचं नाही."

"बरं. अजून?"

"मी आजारी नाहीये. आत्या सगळ्यांना तसं सांगतेय." हे खरं नव्हतं, मी फक्त दोघा-तिघांना सांगितलं होतं. "मला हे करायचंय. जमेल की नाही माहीत नाही. नाही जमलं तर मी दुसरी नोकरी बघेन, मला मिळेल. पण त्या कॉलेजात तुमच्या ओळखीने नको."

"जमतंय की नाही ते मला कळत नाही," दादा म्हणाला. "मला यातलं काही कळत नाही. पण ती चेटकीण जमलीय. बोलते खरी."

मी तेव्हाच बाहेर यायला हवं होतं, कारण हे वाक्य माझ्या वाट्याचं होतं. पण आले नाही. ओटा परत एकदा पुसला.

चहा पिऊन दादा निघाला. भाचीची बॅग कपाटावरच राहिली. कॉलेजवाल्यांना काय सांगणार असं मी विचारलं, तर म्हणाला, "माणूस मिळाला नाही म्हणून सांगतो. दिवाळीपर्यंत बघू." यजमान त्याला रिक्षापर्यंत पोचवायला गेले. वाटेत दादाने त्यांना विचारलं की खेळात जिंकायचं कसं. यजमानांनी सांगितलं, "पाणी प्या." दादाला वाटलं ते तब्येतीबद्दल बोलतायत.

भाचीने खेळ इंटरनेटवर फुकट ठेवला. फार मोठं काही झालं नाही. वर्तमानपत्रात आलं नाही, कुठल्या कंपनीने गाडी पाठवली नाही. पण खेळणारी मुलं खाली आपापलं मत लिहायची, ते भाची मला जेवताना वाचून दाखवायची. राज्य, राजा, सावली कुणाच्या फारसं लक्षात नव्हतं. सगळं चेटकिणीबद्दल होतं. एकाने लिहिलं होतं की ही आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. एका मुलीने लिहिलं होतं, मी नागपूरला शिकायला आलेय, ही बाई बोलायला लागली की मला घरची फार आठवण येते. आणि एकीने लिहिलं होतं, मला या चेटकिणीकडे आठवडाभर राहायला आवडेल.

ते मी यजमानांना मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आठवडाभर ठीक आहे."

पावसाळा संपता संपता भाचीला एका लहानशा कंपनीत काम मिळालं. लहान मुलांसाठी गोष्टी आणि खेळ बनवणारी मंडळी होती ती. अर्धा आठवडा ऑफिस, अर्धा घरून. तिने पुन्हा वाघोलीला मैत्रिणींबरोबर जागा घेतली. टेम्पोत सामान चढवताना म्हणाली, "आत्या, पुढच्या गेमचं मराठी तूच करायचंस." मी म्हटलं, "तुझ्या कॉम्प्युटरला विचार आधी, त्याला राग यायचा." ती गेल्यावर टेबल एकदम लांबरुंद वाटायला लागलं. काही दिवस आम्ही दोघं सवयीने ताटं तिरकीच ठेवत होतो.

दुसरा खेळ ती आता बनवतेय. त्यात एक दीपगृह आहे, समुद्रावर उडणारे मासे आहेत, आणि दीपगृहाची राखण करणारा एक बाप आहे. बापाची वाक्यं ती आधी बार्शीला पाठवते. दादा ती वाचतो आणि फोन मला करतो, कारण मुलीला थेट सांगायची त्याला अजून सवय नाही.

"हे काय लिहिलंय तिने?" परवा म्हणाला. "मुलगी नावेत बसून निघते आणि बाप म्हणतो, 'स्वतःची काळजी घे, मला तुझा अभिमान आहे.' असं कुठला बाप बोलतो?"

"मग काय बोलतो?"

मागे कुणाचा तरी ट्रॅक्टर चालला होता, तो त्याने आधी जाऊ दिला.

"'पोचलीस की कळव' म्हणतो. बास."

मी ते भाचीला कळवलं. तिने तसंच घातलं.